कॅलिफोर्नियातलं हायस्कूल: नववी ते बारावीचे विषय कसे आखायचे

भारतातून नुकत्याच कॅलिफोर्नियात आलेल्या मराठी पालकांना हायस्कूलबद्दल सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगावीशी वाटते. इथे एकाच वेळी दोन हिशेब चालू असतात. एक हिशेब शाळेचा डिप्लोमा (बारावी पूर्ण झाल्याचा दाखला) मिळण्याचा आणि दुसरा राज्याच्या सरकारी विद्यापीठांत, म्हणजे यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) आणि कॅल स्टेटमध्ये (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी), अर्ज करायला पात्र ठरण्याचा. दोन्ही याद्यांतले बरेचसे विषय सारखे दिसतात. त्यामुळे पहिली पूर्ण झाली की दुसरीही झाली असं घरोघरी गृहीत धरलं जातं. प्रत्यक्षात मूल वेळेवर ग्रॅज्युएट होणार असतं, सगळे विषय पास असतं, आणि तरीही बारावीच्या सुरुवातीला अर्ज उघडून बसल्यावर कळतं की एक अख्खा विषय राहिला आहे. तेव्हा हातात फार थोडे महिने असतात. नववीतच दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या तर ही वेळ येत नाही.

आपल्या सवयीचं आणखी एक गृहीतक इथे बाजूला ठेवावं लागतं. महाराष्ट्रात दहावीपर्यंत विषय ठरलेले, पुढे शाखा निवडायची, आणि खरा कस बोर्डाच्या परीक्षेत. इथे शाखा नाही आणि बोर्डही नाही. कॅलिफोर्नियात डिप्लोमासाठी पूर्वी एक राज्यस्तरीय परीक्षा होती. तिची अट २०१५ मध्ये स्थगित झाली आणि नंतर कायमची गेली. नववीच्या पहिल्या सेमिस्टरपासून प्रत्येक विषयाची ग्रेड (ए सगळ्यांत वर, मग बी, सी, डी, आणि एफ म्हणजे नापास) ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे सगळ्या वर्षांच्या एकत्रित गुणपत्रकावर, चढते आणि तिथेच राहते. शेवटी एकदम जोर लावून सगळं भरून काढू, असं इथे करता येत नाही. एका वाईट दिवसामुळे सगळं बुडतही नाही.

हा लेख फक्त कॅलिफोर्नियासाठी आहे. न्यू जर्सीत १२० क्रेडिटांचा (विषय पास झाल्यावर जमा होणाऱ्या एककांचा) हिशेब आहे, टेक्ससमध्ये २६ क्रेडिटं आणि शिवाय पाच राज्य परीक्षा. तिथल्या नातेवाइकांचा सल्ला प्रेमाचा असला तरी इथे चालेलच असं नाही.

पहिलं पाऊल: भारतातून निघतानाची कागदपत्रं

मूल आठवीत किंवा त्याच्या पुढे असेल तर शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर आठवीपासूनच्या प्रत्येक वर्षाचं गुणपत्रक घ्या. नववीचं गुणपत्रक शाळाच देते, बोर्ड नाही. त्यावर शाळेचा शिक्का आणि मुख्याध्यापकांची सही आहे ना, ते निघण्याआधी बघा. मराठी माध्यमाची शाळा असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या.

त्याबरोबर दोन-तीन गोष्टी साध्या इंग्रजीत लिहून शाळेच्या लेटरहेडवर मिळवता आल्या तर फार उपयोग होतो. राज्य मंडळाच्या दहावीत गणित भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती, हे इथल्या काउन्सेलरला (विषय निवडायला मदत करणाऱ्या शाळेतल्या सल्लागाराला) माहीत नसतं. त्यांना गुणपत्रकावर नुसतं 'मॅथेमॅटिक्स' दिसतं. विज्ञानात भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र किती शिकवलं, मराठी, हिंदी किंवा संस्कृत किती वर्षं होतं, शारीरिक शिक्षणाचे तास होते का, हे सगळं लिहून घ्या. गणिताच्या पाठ्यपुस्तकातल्या प्रकरणांची यादीसुद्धा सोबत ठेवा. जुन्या शिक्षणाला किती क्रेडिटं द्यायची हे डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) ठरवतं आणि ते समोरच्या कागदावरून ठरवतं.

दुसरं पाऊल: नाव घालताना भरायचे फॉर्म

नाव नोंदवताना 'होम लँग्वेज सर्व्हे' नावाचं छोटं पान येतं. मूल आधी कोणती भाषा बोलायला शिकलं, घरात कोणती बोलतं, पालक त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलतात, अशा प्रकारचे प्रश्न त्यात असतात. बरेच पालक इथे चाचरतात. 'मराठी' लिहिलं तर मुलाला कच्च्या वर्गात टाकतील अशी भीती असते. उत्तर खरंच लिहा. त्यानंतर मुलाला 'एल्पॅक' नावाची इंग्रजीची चाचणी देतात, शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत. महत्त्वाची आहे ती ही चाचणी. तिच्यात वाचणं, लिहिणं, ऐकणं आणि बोलणं असे चार भाग असतात. मुलं 'सोपं तर आहे' म्हणून बोलण्याच्या भागात एका शब्दात उत्तरं देतात आणि गुण जातात. पूर्ण वाक्यांत, मोकळेपणाने बोलायचं, एवढं आदल्या दिवशी समजावून ठेवा.

एवढा भर देण्याचं कारण असं की त्या निकालाचा पुढच्या वेळापत्रकावर थेट परिणाम होतो. मूल इंग्रजी शिकणारं ठरलं तर दिवसाच्या सहा-सात पिरियडांपैकी एखादा इंग्रजी विकासाच्या वर्गाला जातो. यूसी इंग्रजीची चार वर्षं मागते आणि त्यात अशा वर्गाचं जास्तीत जास्त एकच वर्ष धरते, तेही वरच्या पातळीचं. ज्या मुलाला खरोखर मदत हवी आहे त्याने ती जरूर घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. फक्त तो वर्ग कधी संपणार आणि नेहमीच्या इंग्रजीत कधी जाता येईल हे पहिल्याच महिन्यात विचारून ठेवा.

तिसरं पाऊल: कोणती इयत्ता

नववीच्या आत आलेल्या मुलांचा प्रश्न सोपा आहे, वयानुसार इयत्ता मिळते. अडचण होते ती दहावीची परीक्षा देऊन जूनमध्ये येणाऱ्यांची. वर्ष वाया जाऊ नये म्हणून पालक अकरावीचा आग्रह धरतात. मग दोन वर्षांत अमेरिकेचा इतिहास, शासनव्यवस्था, अर्थशास्त्र, कला, दोन वर्षांचं इंग्रजी, वरच्या पातळीचं गणित आणि विज्ञान, शिवाय पीईचं (शारीरिक शिक्षणाचं) जे राहिलं असेल ते, एवढं सगळं बसवायचं. त्यात नवा देश, नवे मित्र, आणि अकरावीच्या अखेरपर्यंतच्या ग्रेडवर विद्यापीठाचा अर्ज. मूल जेमतेम पंधराचं असेल आणि शाळा तयार असेल तर दहावीत बसवण्याची विनंती करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या एका वर्षात मूल इथे रुळतं आणि तीन वर्षांच्या ग्रेड हातात येतात. मूल मोठं असेल किंवा शाळेने अकरावीच दिली तर पहिल्याच आठवड्यात काउन्सेलरची वेळ घ्या आणि उरलेल्या विषयांची यादी लेखी मागा.

चौथं पाऊल: दोन याद्या

आता मुख्य काम. एका कागदाचे दोन उभे भाग करा.

डाव्या बाजूला डिप्लोमा. राज्याची किमान अट अशी: इंग्रजी ३ वर्षं, गणित २ वर्षं, विज्ञान २ वर्षं (एक जीवशास्त्राचं, एक भौतिक विज्ञानाचं), सामाजिक शास्त्रं ३ वर्षं (जगाचा इतिहास, अमेरिकेचा इतिहास, आणि अर्धं-अर्धं वर्ष शासनव्यवस्था आणि अर्थशास्त्र), कला किंवा परभाषा किंवा व्यवसाय शिक्षण यांपैकी एक वर्ष, आणि पीई २ वर्षं. ही झाली राज्याची तळरेषा. प्रत्येक डिस्ट्रिक्ट तिच्यावर स्वतःची भर घालतं. कुठे इंग्रजी चार वर्षं, कुठे गणित तीन, कुठे आरोग्यशिक्षण, कुठे समाजसेवेचे तास. सहसा एका विषयाच्या एका सेमिस्टरला ५ क्रेडिटं असतात आणि एकूण बेरीज बऱ्याच डिस्ट्रिक्टांत २०० ते २४०च्या दरम्यान ठरवलेली असते. त्यामुळे फ्रीमाँटमधल्या मैत्रिणीची यादी सॅन होजेत तशीच्या तशी वापरू नका. आपल्या डिस्ट्रिक्टची, आपल्या मुलाच्या ग्रॅज्युएशनच्या वर्षाची यादी काढा. वर्षाचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण नियम बदलत आहेत. २०२४ च्या कायद्यानुसार २०३०-३१ मध्ये ग्रॅज्युएट होणाऱ्या मुलांपासून वैयक्तिक अर्थनियोजनाचा एक सेमिस्टरचा विषय लागू होणार आहे.

उजव्या बाजूला विद्यापीठाची यादी. हिला सगळे 'ए-जी' म्हणतात, कारण तिचे सात गट ए पासून जी पर्यंत आहेत. ए: इतिहास व सामाजिक शास्त्र २ वर्षं. बी: इंग्रजी ४. सी: गणित ३, चार असतील तर बरं. डी: विज्ञान २, तीन असतील तर बरं. ई: इंग्रजीखेरीज दुसरी एक भाषा २, तीन असतील तर बरं. एफ: दृश्य किंवा सादरीकरणाच्या कला १. जी: कॉलेजच्या तयारीचा आणखी एक विषय १. एकूण १५ वर्षभराचे विषय, त्यांपैकी ११ बारावी सुरू होण्याआधी पूर्ण झालेले लागतात.

दोन्ही बाजूंमधली तफावत आता डोळ्यांसमोर येते. डिप्लोमाला गणिताची दोन वर्षं पुरतात, विद्यापीठाला नाही. डिप्लोमासाठी कला किंवा भाषा यांपैकी एक चालते, विद्यापीठाला दोन्ही हव्यात. पीई विद्यापीठाच्या यादीत नाहीच. आणि सगळ्यात फसवा फरक ग्रेडचा आहे (इथून पुढची 'सी', 'डी' ही ग्रेडची अक्षरं, गटांची नाहीत). शाळेत 'डी' मिळाली तरी क्रेडिट मिळतं आणि विषय पास समजतात. ए-जी मध्ये 'सी' किंवा त्याहून वरची ग्रेडच धरतात. रिपोर्ट कार्डवर 'डी' आली आणि शाळेकडून काही पत्र आलं नाही, तर सगळं ठीक आहे असं समजू नका.

आणखी एक गोष्ट नीट तपासायची. विषयाचं नाव भारदस्त आहे म्हणून तो ए-जी मध्ये बसतोच असं नाही. यूसीची मान्यताप्राप्त विषयांची यादी इंटरनेटवर शाळेच्या नावाने शोधता येते. प्रत्येक विषय त्या यादीत कोणत्या गटात आहे ते बघून मगच कागदावर लिहा. डेटा सायन्सचंच घ्या. आयटीत काम करणाऱ्या आई-बाबांना तो विषय साहजिकच आवडतो, पण यूसी त्याला अल्जेब्रा २ च्या जागी धरत नाही. अल्जेब्रा २ करून त्यानंतर तो घेतला तर काही हरकत नाही.

आपल्या घरांत कलेच्या गटात हमखास गफलत होते. मुलगी सहा वर्षं कथक शिकते आहे, मुलगा तबल्याच्या परीक्षा देतो आहे, म्हणून एफ गट झाला असं वाटतं. खासगी क्लास या गटात धरत नाहीत. तो अर्जाच्या उपक्रमांच्या भागात जरूर लिहावा, तिथे त्याला किंमत आहे. एफ गटासाठी मात्र यादीतला वर्षभराचा विषय लागतो: चित्रकला, नाटक, बँड, गायन, छायाचित्रण, जे शाळेत असेल ते.

पाचवं पाऊल: गणिताची शिडी

गणितात पुढचा वर्ग मागच्यावर उभा असतो. अल्जेब्रा १, भूमिती, अल्जेब्रा २, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस असा क्रम असतो. काही डिस्ट्रिक्टांत पहिल्या तिन्हींची सरमिसळ करून इंटिग्रेटेड मॅथ १, २, ३ शिकवतात. बारावीत कॅल्क्युलस हवं असेल तर नववीत भूमिती किंवा तिच्या बरोबरीचा वर्ग लागतो, नाहीतर मधे कुठेतरी उन्हाळ्यात एक पायरी चढावी लागते. सातवी-आठवीत केलेला अल्जेब्रा १ 'सी' किंवा वर असेल तर विद्यापीठाच्या गणिताच्या वर्षांत धरला जातो. ती ग्रेड यूसीच्या जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) मात्र येत नाही.

नव्याने आलेल्या मुलाला शाळा सावधपणे खालचा वर्ग देते. इथे पालकांनी गप्प बसू नये. कॅलिफोर्नियात २०१५ चा गणित वर्ग-निश्चिती कायदा आहे. त्यानुसार नववीत जाणाऱ्या मुलांचा गणिताचा वर्ग ठरवण्याचे लेखी, वस्तुनिष्ठ निकष डिस्ट्रिक्टकडे असावे लागतात, पहिल्या महिन्यात एकदा फेरतपासणी व्हावी लागते, आणि पालकांना निर्णयावर दाद मागता येते. 'गणिताच्या प्लेसमेंटचं धोरण बघायला मिळेल का आणि मुलाची चाचणी घेता येईल का' एवढंच शांतपणे विचारा. भूमितीबद्दल मात्र सावध राहा. वरचा गणिताचा वर्ग केला की खालचा अल्जेब्रा झाला असं यूसी मानते, पण भूमितीला ही सवलत नाही. दहावीच्या गणित भाग २ ची नोंद म्हणूनच काळजीने करून घ्यायची.

आणि मूल तयार नसेल तर ओढू नका. प्रीकॅल्क्युलसमध्ये मनापासून मिळवलेली 'ए' ही कॅल्क्युलसमध्ये रडतखडत मिळालेल्या 'सी'पेक्षा अर्जात आणि पुढे कॉलेजात, दोन्हीकडे जास्त कामाची असते.

सहावं पाऊल: मराठीचा उपयोग

मराठी घरांना ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. ई गटासाठी स्पॅनिश किंवा फ्रेंचच घ्यायला हवं असं नाही. मराठी माध्यमात आठवी ते दहावी शिकून आलेल्या मुलाचं ते शिक्षण या गटात धरलं जाऊ शकतं. इंग्रजी माध्यमात असताना मराठी, हिंदी किंवा संस्कृत भाषाविषय म्हणून घेतला असेल तर तो गुणपत्रकावर असतोच. इथेच वाढलेल्या मुलांना भाषेची परीक्षा देऊन किंवा शाळेकडून प्रमाणित करून ही अट पूर्ण करण्याचा मार्ग आहे. ॲव्हंट या कंपनीच्या 'स्टॅम्प' नावाच्या भाषापरीक्षांत मराठी आहे. त्यात बोलण्याबरोबर लिहिणंही तपासतात. त्यामुळे घरी नुसतं मराठी बोलणाऱ्या मुलाला लिहिण्या-वाचण्याचा सराव करावा लागतो. इथे मराठी शाळांचा खरा उपयोग दिसतो. बृहन्महाराष्ट्र मंडळ या उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या शिखर संस्थेच्या छत्राखाली आणि स्थानिक मंडळांत चालणाऱ्या शाळांत मुलं वर्षानुवर्षं देवनागरी गिरवतात. काही डिस्ट्रिक्ट या अभ्यासाला क्रेडिटही देतात. आपलं देतं का, हे नववीतच विचारा, कारण परवानगी बहुधा आधी घ्यावी लागते.

याच तयारीवर 'सील ऑफ बायलिटरसी' मिळू शकतं. दोन भाषांत प्रावीण्य असल्याचं हे चिन्ह डिप्लोमावर लागतं. कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये कायदा करून ते देशात सगळ्यांत आधी सुरू केलं. मुलाच्या डिप्लोमावर मराठीची अशी नोंद होणं किती आनंदाचं असतं, ते ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे. एक व्यवहाराची बाजूही सांगते. मूल खासगी विद्यापीठांत अर्ज करणार असेल तर तिथे शाळेत सलग तीन-चार वर्षं भाषा घेतलेली बघायला आवडते. अशा वेळी मराठीने ई गट पूर्ण करूनही स्पॅनिश चालू ठेवावं.

सातवं पाऊल: चार वर्षांचा तक्ता आणि निवडीचे दिवस

पुढच्या वर्षाचे विषय साधारण जानेवारी ते मार्चमध्ये निवडायचे असतात. शाळा त्या आकड्यांवरून वर्ग आणि शिक्षक ठरवते. त्यामुळे ऑगस्टमध्ये 'आता बदलून द्या' म्हटलं तर जागा नसते. म्हणून जानेवारीआधी चार रकान्यांचा तक्ता पेन्सिलने भरून ठेवा, प्रत्येक वर्षी सहा किंवा सात ओळी. आधी न हलणारे विषय लिहा: इंग्रजी, गणित, इतिहास, विज्ञान, पीई. मग भाषा आणि कला. उरलेल्या जागा मुलाच्या, तिथे त्याला काय आवडतं ते त्यालाच ठरवू द्या. काउन्सेलरकडे शेकडो मुलं असतात, म्हणून कोरा कागद घेऊन जाऊ नका. भरलेला तक्ता पुढे ठेवून 'यात काय चुकलंय' असं विचारलं की पंधरा मिनिटांतही पुष्कळ काम होतं.

एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या, विषयांबद्दल घरोघरी स्पर्धा लागते, तिथे थोडं थांबावं. यूसीच्या जीपीएसाठी दहावीच्या आधीच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतच्या ए-जी ग्रेड धरतात. अवघड विषयांना मिळणारे जादा गुण जास्तीत जास्त ८ सेमिस्टरांसाठी मिळतात, त्यांतली दहावीची चारच. म्हणजे चार वर्षभराचे एपी झाले की ती मर्यादा भरली. त्याहून जास्त घेतल्याने विषयांची काठिण्यपातळी दिसते हे खरं, पण पहाटे दोनपर्यंत जागणाऱ्या पोराच्या ग्रेड घसरल्या तर त्याचा काही फायदा नाही. एपीच्या परीक्षा मे महिन्यात असतात, नोंदणी मात्र नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करायची असते. ही तारीख नवीन पालकांच्या हातून हमखास निसटते.

कम्युनिटी कॉलेजचा (स्थानिक सरकारी, दोन वर्षांच्या कॉलेजचा) मार्ग मला त्याहून जास्त उपयोगी वाटतो. हायस्कूलमधली मुलं शाळेच्या परवानगीने तिथे विषय घेऊ शकतात. एरवी एका युनिटला (कॉलेजच्या क्रेडिटला) ४६ डॉलर फी आहे, पण हायस्कूलच्या मुलांना ती बहुतेक कॉलेजांत माफ असते, पुस्तकांचा खर्च तेवढा येतो. यूसीत चालणारा तीन युनिटांचा सेमिस्टरचा विषय ए-जी च्या एका पूर्ण वर्षाबरोबर धरतात. भाषा, कला किंवा इतिहास मागे राहिला असेल तर एका उन्हाळ्यात तो भरून निघतो. फक्त ही कॉलेजची कायमची ट्रान्सक्रिप्ट असते, पुढे सगळीकडे जोडावी लागते, म्हणून सहज बघू म्हणून नाव घालू नका.

आठवं पाऊल: ग्रेड घसरली तर

'डी' किंवा 'एफ' आली तर त्याच उन्हाळ्यात विषय पुन्हा करायचा. 'सी' किंवा वर मिळाली की यूसी नवी ग्रेड धरते. आधी काउन्सेलरला विचारा की कोणता उन्हाळी वर्ग ए-जी साठी मान्य आहे, कारण ऑनलाइन मिळणारा प्रत्येक वर्ग मान्य नसतो. गणितात आणि भाषेत पुढची पायरी चांगली केली तर मागची भरून निघते, हेही लक्षात ठेवा. सगळं करूनही जीपीए कमी राहिला (यूसी राज्यातल्या मुलांकडून किमान ३.० मागते, कॅल स्टेट २.५) तर कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं करून यूसीत बदली घेता येते. दरवर्षी असंख्य मुलं हा रस्ता घेतात, आणि पदवीवर तो वेगळा दिसत नाही. मुलाला हे आधीच ठाऊक असेल तर बारावीचा ताण निम्म्याने हलका होतो.

नववं पाऊल: बारावी

यूसीचा अर्ज ऑगस्टमध्ये उघडतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाठवायचा असतो. एसएटी या देशभर चालणाऱ्या प्रवेशपरीक्षेचे गुण प्रवेशासाठी यूसी आणि कॅल स्टेट दोन्ही बघत नाहीत. विषय आणि ग्रेड मुलाने स्वतः भरायच्या असतात, त्या ट्रान्सक्रिप्ट समोर ठेवून अक्षरन् अक्षर जुळवून भरा. नववी-दहावी भारतात झाली असेल तर तिथले गुण जसे आहेत तसे लिहायचे, स्वतः ए-बी-सीत बदलायचे नाहीत.

प्रवेश मिळाल्यावरही बारावीच्या ग्रेड बघतात. अर्जात लिहिलेला विषय मधेच सोडला, किंवा शेवटच्या सेमिस्टरला 'डी' आली, तर दिलेला प्रवेश मागे घेतला जाऊ शकतो. विषय बदलावाच लागला तर विद्यापीठाला लगेच कळवा. शेवटची ट्रान्सक्रिप्ट १ जुलैपर्यंत पोहोचवायची असते. ती शाळेकडून जाते, पण मागणी मुलाने करायची असते. शाळेची कचेरी उन्हाळ्यात बंद व्हायच्या आत, मे महिन्यातच ती मागणी नोंदवून ठेवा.